कपाटातली मूळ कॅसेट

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि उमरेडच्या विणकर मंडळींचे वडीलधारे आदरणीय रुपरावजी, व्यासपीठाच्या मधोमध हारांच्या ढिगाआड बसलेले आपले सत्कारमूर्ती, तांडापेठ विणकर समाज मंडळाचे मावळते अध्यक्ष माननीय चंद्रभानजी, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि सकाळपासून ज्यांना कोणीही एक शब्द बोलू दिलेला नाही त्या सौभाग्यवती प्रयागबाई, मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी, पंख्याखाली आधीच जागा धरून बसलेले समाजबांधव, आणि पंखा नाही त्या बाजूला बसवलेल्या माझ्या भगिनींनो, आपणा सर्वांना तुळजाबाईचा नमस्कार.

मंडळाच्या महिला शाखेतर्फे मी दोन शब्द बोलावेत असा आदेश झाला आहे. आपल्याला ठाऊक आहे, माझी सारी नोकरी धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मेट्रन म्हणून झाली. तिथं खरोखर दोन शब्दांतच बोलायची सवय लागते. "गोळी घ्या." "गप झोपा." आज मात्र मला थोडे जास्त शब्द लागणार आहेत, तेव्हा स्वागत समितीनं चहाची किटली जरा वेळ मंद आचेवर ठेवावी.

माझ्या आधी चार वक्ते बोलून गेले. चारही जणांचा कंठ दाटून आला. एकानं तर चंद्रभानजींच्या जाण्यानं तांडापेठ पोरकी होऊन राहिली असं सांगितलं. मी खाली बसून विचार करत होते, हे गृहस्थ चालले तरी कुठं? तर बेसा इथल्या नव्या लेआउटमध्ये. अहो, बेसा म्हणजे काही परमुलुख नव्हे. सायकलनं निघालेला माणूस जेवायच्या वेळेपर्यंत परत येतो. त्यांनी बंगला बांधला, मोकळ्या हवेत राहायला चालले, आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या बंगल्याला गच्ची आहे असं ऐकते. गच्चीवर उभं राहून बोललं तरी आता ऐकायला शेजारी कोणी नाही, एवढीच काय ती अडचण होईल.

हसू नका. मी गौरवाचंच भाषण करून राहिले आहे.

चंद्रभानजींचं एक काम मी मनापासून मानते, आणि ते आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी होते. आपल्या समाजात सामूहिक विवाह त्यांनी सुरू केले. मागावर बसणारा माणूस, दिवसभर हात-पाय चालवून संध्याकाळी पाठ धरून उठणारा, त्याच्यामागं मुलीचं लग्न म्हटलं की धसका असायचा. चंद्रभानजींनी घरोघरी जाऊन सांगितलं, मानपान सोडा, एका मांडवात या. लोक आधी नाक मुरडत होते. यांनी हट्ट सोडला नाही. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात नाईक तलावाच्या बाजूच्या मैदानात अकरा जोडप्यांचं लग्न लागलं, आणि ते लागलं ते यांच्यामुळे. याबद्दल त्यांना माझा नमस्कार आहे, आणि तो खरा आहे.

आता त्या लग्नात त्यांनी जे दुसरं काम केलं, त्याच्याबद्दल आधीच्या चारही वक्त्यांनी अवाक्षर काढलं नाही. वेळ कमी पडला असेल. ते मी पूर्ण करते.

त्या वर्षी व्हिडिओचं खूळ नुकतंच आपल्या गल्लीत शिरलं होतं. चंद्रभानजींनी जाहीर केलं की अकराही लग्नांची व्हिडिओ शूटिंग होईल आणि प्रत्येक घराला मंडळाकडून एक कॅसेट भेट मिळेल. टाळ्या पडल्या. गोळीबार चौकात व्हिडिओ लायब्ररी चालवणारा आपला गिरिधर, तो बघा तिकडे खांबाजवळ कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा आहे, त्याला काम मिळालं. गिरिधरनं दिवसभर शूटिंग केली. ऊन मी म्हणत होतं, तरी पोरींच्या तोंडावर त्यानं तो हजार बत्तीचा दिवा धरलाच. मेकअप वितळला, पण शूटिंग उत्तम झाली. तीन तासांची एक मोठी कॅसेट भरली. तिला आपण मूळ कॅसेट म्हणू, कारण आजचा सारा मामला तिचाच आहे.

तीन तासांची कॅसेट अकरा घरांना कशी द्यायची? गिरिधरच्या दुकानात दोन मशिनी होत्या. एकीत मूळ कॅसेट लावायची, दुसरीत कोरी, मध्ये वायर जोडायची. इकडे चाललेलं चित्र तिकडे उतरतं. जे नको ते आलं की दुसऱ्या मशीनचं बटण दाबून तिला थांबवायचं, हवं ते आलं की पुन्हा सोडायचं. याला एडिटिंग म्हणतात. काम सोपं आहे, पण काय हवं आणि काय नको हे ठरवणारं डोकं लागतं. आणि असं डोकं आपल्या समाजात एकच असल्यामुळे चंद्रभानजी स्वतः दुपारभर गिरिधरच्या दुकानात स्टूल टाकून बसले. एक दुपार पुरली नाही, दुसरी घेतली. बटण गिरिधरचं, बोट चंद्रभानजींचं.

मग अकरा घरी अकरा कॅसेटी आल्या. आमच्या गल्लीत भाड्यानं टीव्ही आणि मशीन आणली, रस्त्यावर सतरंज्या टाकल्या, सारी गल्ली जमली. काय दिसलं? सुरुवातीला चंद्रभानजी दीप लावताना. मग चंद्रभानजी मांडवाची पाहणी करताना. मग चंद्रभानजींचं भाषण. मग पहिल्या जोडप्याला भांड्यांचा संच देताना चंद्रभानजी. संचाचं एक टोक नवरीच्या हातात, दुसरं यांच्या हातात, आणि चेहरा कॅमेऱ्याकडे. नवरी ओढून राहिली, हे सोडून नाही राहिले. मग दुसरं जोडपं, तसंच. असं अकरा वेळा. माझ्या शेजारच्या बाईनं मला विचारलं, "बाई, लगन कोनाचं व्हय वं हे?" मी तिला काय सांगणार?

शिवाय नक्कल करून करून रंगाची दशा झाली होती. मूळवरून एक उतरवलेली, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. आमच्या गल्लीत आलेल्या कॅसेटमध्ये नवरीच्या शालूचा लाल रंग ओघळून शेजारच्या नवरदेवाच्या अंगावर गेला होता. नाकं-डोळी पुसट. आपली मुलगी कोणती हे आया हातातल्या बांगड्यांवरून ओळखत होत्या. चंद्रभानजी तेवढे प्रत्येक वेळी ओळखू येत, कारण ते मधोमध असत.

आणि आवाज! लग्नातला खरा आवाज यांना गावंढळ वाटला. बायकांचं बोलणं, पोरांचं रडणं, भटजींचा खोकला, हे कशाला ठेवायचं? म्हणून गिरिधरच्या टेपरेकॉर्डरवरून वर सिनेमाची गाणी भरली. पडद्यावर पोरगी आईच्या गळ्यात पडून रडते आहे आणि मागं हिरॉइन बर्फात नाचतानाचं गाणं. मूळ आवाज ठेवला तो एकाच ठिकाणी. कुठल्या, ते मी सांगत नाही. सत्कारमूर्तींनी मान खाली घातली, त्यावरून आपण समजून घ्यावं.

इथपर्यंत सारं हसण्यावारी नेता आलं असतं, आणि आम्ही नेलंही. पण त्या कॅसेटमध्ये एक ठिकाण असं होतं की तिथं मला हसू आलं नाही.

आपल्यातल्या बहुतेकांना नत्थूजी आठवत असतील. नऊवारी लुगड्यांचे किनारवाले नत्थूजी. त्या मांडवात त्यांच्या मुलीचं, मनकर्णाचं लग्न होतं. आपल्याकडे मंगलाष्टकं भटजींनी म्हटली की घरचे लोकही म्हणतात, आणि त्यात घरच्यांची नावं गुंफतात. नत्थूजींनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं. शाळा दुसरीपर्यंत, पण गळा गोड. वृत्त जरा इकडेतिकडे झालं असेल, भटजींनी भुवई वर केलेली मी पाहिली. आजा, आजी, मामा, आत्या, सारे आले त्यात. आणि शेवटच्या ओळीत नत्थूजींनी आपल्या बायकोचं नाव घेतलं. वच्छला.

हे ऐकून आजच्या मुलींना काही वाटणार नाही. पण इथं बसलेल्या माझ्या वयाच्या बायकांना विचारा. आपल्या घरात नवरा बायकोचं नाव घेतो का? अवं, ऐकलं का, मनकर्णाची माय, एवढ्यावर जन्म जातो. नत्थूजी तर असे लाजरे की पाणी मागायचं तरी घराच्या आढ्याकडे पाहून मागत. त्या माणसानं भर मांडवात, माईकवर, साऱ्या समाजासमोर वच्छला म्हटलं. बायकांमध्ये कसा हशा पिकला ते मला आठवतं. मीही हसले. डोळेही पुसले.

आणि ज्यांचं नाव घेतलं, त्या कुठं होत्या?

मुलीची आई मंगलाष्टकं ऐकत नाही, ही आपली रीत. ती तुळशीला पाणी घालत उभी असते. मंडळानं त्या दिवशी अकराही आयांसाठी एकच तुळस ठेवली होती, मैदानाच्या मागच्या टोकाला, जनरेटरच्या शेजारी. जागा कोणी निवडली ते विचारू नका. त्या जनरेटरच्या घरघरीत वच्छलाबाई तांब्या धरून उभ्या होत्या आणि इकडे त्यांचा नवरा त्यांचं नाव घेत होता. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही. अक्षता पडल्यावर बायकांनी धावत जाऊन सांगितलं, तुझं नाव घेतलं वं नत्थूजीनं. त्यांना खरं वाटेना.

रात्री घरी त्यांनी नवऱ्याला विचारलं. नत्थूजी आढ्याकडे पाहून म्हणाले, म्हटलं असन. पुन्हा म्हणा म्हटलं तर उठून बाहेर गेले. पोरगी सासरी गेल्यावर सवडीनं विचारू, असं वच्छलाबाईंनी ठरवलं. आपण सारेच असं ठरवतो.

दिवाळीच्या सुमारास नत्थूजींचा आवाज बसला. आधी वाटलं थंडी असेल. मग आमच्या दवाखान्यात आले. खर्र्यानं, त्या तंबाखू-सुपारीच्या पुड्यांनी, घसा खाल्ला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि मी वच्छलाबाईंना सांगितलं. ऑपरेशन झालं, गळ्याला भोक पाडलं, आवाज गेला तो गेलाच. शेवटचे महिने ते खुणेनं बोलत. वच्छलाबाई उशाशी बसून असत. होळीच्या आधी ते वारले.

तेराव्यानंतर मनकर्णा कळमेश्वरहून पुन्हा आली, शेजाऱ्यांकडे मशीन लावली आणि माय-लेकी ती कॅसेट पहिल्यांदाच पाहायला बसल्या. मलाही बोलावलं. भांड्यांचे अकरा संच होऊन गेले आणि मग, चंद्रभानजींच्या कृपेनं, मंगलाष्टकांचा तेवढा तुकडा उरला होता. कारण मागं यांची खुर्ची दिसत होती. नत्थूजी दिसले. हातात माईक, डोक्यावर फेटा. तोंड उघडलं, ओठ हलायला लागले, आणि त्यांच्या तोंडातून सिनेमातल्या बाईचा आवाज आला.

वच्छलाबाई पुढं सरकल्या. टीव्हीला कान लावला. मनकर्णानं आवाज कमी केला, वाढवला, बटणं दाबली. वच्छलाबाई तिला सारख्या म्हणत होत्या, ते बाई बंद कर वं, तुया बापाचं आयकू दे. त्यांना वाटलं ती बाई बंद केली की खाली नत्थूजी असतील. मग मी त्यांना समजावलं की यात ते नाहीत, मूळ कॅसेटमध्ये आहेत.

म्हणून आम्ही तिघी चंद्रभानजींकडे गेलो. मोठ्या अदबीनं गेलो. मूळ कॅसेट द्या, मंगलाष्टकाचा तेवढा तुकडा आवाजासकट उतरवून घेतो आणि आणून देतो. यांनी चहा पाजला, नत्थूजींच्या आठवणी काढल्या, माझ्यापेक्षा जास्त वेळ डोळे पुसले, आणि म्हणाले की मूळ कॅसेट पुसली गेली, तिच्यावर दुसऱ्या कार्यक्रमाची शूटिंग झाली. मंडळाच्या काटकसरीचं धोरण! पुढच्या वेळी गेलो तेव्हाही तेच. त्यानंतर वच्छलाबाई एकट्याही जाऊन आल्या. एकदा नव्हे. मी त्यांना रागावले की पुसलेली वस्तू मागून येणार आहे का? त्या म्हणाल्या, "विचाराले काय जाते बाई."

बंधूभगिनींनो, आता मी आज दुपारची गोष्ट सांगते.

स्वागतगीत झालं, दीप लावून झाला, हार घालणं चाललं होतं. चंद्रभानजी प्रत्येक हाराला कॅमेऱ्याकडे पाहून थांबत होते, त्यामुळे ते बराच वेळ चाललं. मी या टोकाच्या खुर्चीवर होते. गिरिधर दिव्याची वायर सरळ करायला माझ्या खुर्चीपाशी वाकला. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं त्याला ताप आहे. मी विचारलं, काय झालं गा? तो म्हणाला, "बाई, मशीनमंधी तेच कॅसेट आहे. लग्नाचं. मूळ."

वच्छलाबाई, तुम्ही उठू नका. मनकर्णा, मायचा हात धर. हो, मी तेच म्हणते आहे. ती कॅसेट पुसली नव्हती. कधीच पुसली नव्हती.

ती चंद्रभानजींच्या कपाटात होती. काहून होती, ते गिरिधरनं मला सांगितलं आणि मी सभेला सांगते. त्या कॅसेटवर यांचं लग्नातलं भाषण आहे, पाऊण तासाचं, न कापलेलं. वाटलेल्या कॅसेटींमध्ये जागेअभावी ते थोडं छाटावं लागलं होतं, त्याचं यांना अतोनात दुःख होतं. म्हणून मूळ कॅसेट यांनी जपली. मोठ्या ऑपरेशनच्या पेशंटचा रिपोर्टही कोणी इतका जपत नाही. तिच्या पाठीला एक प्लास्टिकचा तुकडा असतो, तो मोडून टाकला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. तो यांनी स्वतः मोडून घेतला. आणि कोणाला उतरवून घ्यायला दिली नाही, कारण म्हणे मशीन कधी कधी फीत खाते. भाषण खाल्लं तर? तेव्हा पुसली म्हणून सांगितलेलं बरं.

गिरिधरला हे सारं ठाऊक होतं. मंडळाचं प्रत्येक काम त्याला यांच्याकडून मिळतं, म्हणून तो गप्प बसला. गिरिधर, तुझ्याशी मी नंतर बोलेन.

मग आज ती बाहेर कशी आली? तर आज याहून मोठा प्रसंग आहे. आज चार वक्ते यांच्याबद्दल बोलणार, हारांची रास पडणार, आणि शेवटी सत्काराला उत्तर म्हणून यांचं स्वतःचं भाषण होणार. त्यापुढं ते जुनं भाषण काय कामाचं? शिवाय नवी कॅसेट आणायची म्हणजे उधळपट्टी. सकाळी यांनी स्वतःच्या हातानं त्या मोडलेल्या तुकड्याच्या जागी चिकटपट्टी लावली, म्हणजे मशीन फसते आणि जुन्यावर नवं भरू देते, आणि गिरिधरला म्हणाले, यावरच घे.

मंगलाष्टक त्यावर आहे हे यांना आठवलं नसेल का? मी तो विचार केला. मला वाटतं खरंच आठवलं नसेल. यांच्या लेखी त्या कॅसेटवर दुसरं कोणी नव्हतंच.

घाबरू नका. त्या कॅसेटच्या सुरुवातीला काय होतं? चंद्रभानजी दीप लावताना, आणि मग चंद्रभानजींचं भाषण. नत्थूजी त्याच्या बरेच पुढं आहेत. म्हणजे आजच्या स्वागतगीतानं आणि हारतुऱ्यांनी जे काही पुसलं गेलं, ते चंद्रभानजींचं भाषणच पुसलं गेलं. आयुष्यभर यांनी इतरांना कापलं, आज पहिल्यांदा स्वतःवर हात चालवला. याला मी उत्तम एडिटिंग म्हणते.

आणि मी गिरिधरला तिथल्या तिथं सांगितलं, मशीन बंद कर. दिवा चालू ठेव, कॅमेरा खांद्यावर ठेव, डोळा भोकाला लाव, पण मशीन बंद. तो म्हणाला, मग चंद्रभानभाऊ? मी म्हटलं, भाऊला मी पाहून घेते. तेव्हा माझ्या आधीच्या चारही वक्त्यांची क्षमा मागते. आपण ज्या दिव्याकडे पाहून कंठ दाटवत होता, त्याच्यामागं काहीच चालू नव्हतं. चंद्रभानजी, तुम्हीही आता मान खाली केली तरी चालेल.

मी ती कॅसेट गुपचूप काढून नेऊ शकले असते. माझ्या पर्समध्ये सहज मावली असती. पण उद्या मंडळाची वस्तू चोरली म्हणून वच्छलाबाईंचं नाव आलं असतं, आणि त्यांचं नाव पुन्हा असं चारचौघांत निघावं अशी माझी इच्छा नाही. म्हणून सरळ मागते. चंद्रभानजी, हा समारंभ संपेपर्यंत तुम्ही या मंडळाचे अध्यक्ष आहात. ती कॅसेट या बाईंना द्या.

काय म्हणता? माईक तुमच्यापुढं नाही, मोठ्यानं बोला, मागं ऐकू गेलं पाहिजे.

मोठ्यानं बोलत नाहीत. मग मीच सांगते, मंडळी. ते म्हणतात, "माझं भाषण झाल्यावर देतो."

चंद्रभानजी, तुमचं भाषण झाल्यावर त्यात नत्थूजी राहणार नाहीत.

थांबा, कोणी ओरडू नका. मागच्या बाजूनं कोण उठलं ते? खाली बसा. रुपरावजी, आपण अध्यक्ष आहात, सभेला शांत राहायला सांगा. मला भांडण नको आहे. या माणसाला वेळ द्या. त्यांना पहिल्यांदाच काहीतरी ठरवायचं आहे, ज्यात ते स्वतः नाहीत. थोडा वेळ लागणारच.

काय, प्रयागबाई? बोला ना. तुम्हाला कोण अडवून राहिलं?

प्रयागबाईंनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि तो माझा विषयही नाही. पण चंद्रभानजी उठले आहेत.

गिरिधर, काढ ती बाहेर. माझ्याकडे नको, त्यांच्या हातात दे. आणि ती चिकटपट्टी आधी ओरबाडून टाक, म्हणजे पुन्हा कोणाला मोह व्हायला नको. वच्छलाबाई, तुम्ही वर येऊ नका. जिथं आहात तिथंच थांबा, ते खाली येतील. अध्यक्षपदाच्या बारा वर्षांत या पायऱ्या ते हार घालून घ्यायलाच चढले-उतरले, आज एकदा देण्यासाठी उतरू द्या.

या. असं. द्या त्यांच्या हातात.

चंद्रभानजी, सोडा आता. तिकडे पाहून उपयोग नाही, त्या कॅमेऱ्यात काही नाही. सोडा.

सुटली.

वच्छलाबाई, सभेची इच्छा दिसते की इथंच लावावी. टीव्ही आहे, मशीन आहे, यांचा गौरवपट दाखवायला म्हणूनच आणलेली आहे. सारे ऐकतील. लावायची का? मनकर्णा, माईक दे मायजवळ. बोला, वच्छलाबाई.

ऐकलं सगळ्यांनी? मागच्यांसाठी मी पुन्हा सांगते. त्या म्हणाल्या, "नाई बाई. मी घरी जाऊन आयकतो. इथं लाज वाटते मले."

जाऊ द्या त्यांना. वाट द्या. चहासाठी थांबवू नका, मनकर्णा सांभाळून नेईल. गिरिधर, तुझी मशीन घेऊन तूही जा त्यांच्याबरोबर, जोडून दे, आणि जोडून झालं की खोलीच्या बाहेर ये. आज इथं तुझं काम उरलेलं नाही.

अध्यक्ष महाराज, मी माझ्या वेळेपेक्षा बरीच जास्त बोलले. आपण एकदाही घंटी वाजवली नाही, त्याबद्दल आपले आभार. ज्या बायकांनी पंख्याशिवाय इतका वेळ ऐकून घेतलं त्यांचे आभार, प्रयागबाईंचे सगळ्यात जास्त. आता सत्काराला उत्तर म्हणून चंद्रभानजी बोलतील. ते भाषण कुठंही उतरवलं जाणार नाही, पुन्हा कोणाला ऐकायला मिळणार नाही, म्हणून नीट लक्ष देऊन ऐका, अशी आपणा सर्वांना विनंती करते. चंद्रभानजी, तुम्हीही तसंच बोला.

माझी जीभ दवाखान्यात तयार झालेली आहे, तिच्यात साखर कमी आहे. सभेतल्या कोणाचं मन दुखावलं असेल तर त्यांनी ते मोठेपणानं पोटात घालावं. वच्छलाबाई अजून दारापर्यंत पोचल्या नाहीत, त्या पोचेपर्यंत जरा बोलू नका, एवढं सांगते आणि बसते. नमस्कार.